राणीचा गाल

आमच्या घरात एक राणी आहे. (बायको हे वाचणार असल्यामुळे आधीच खुलासा करतो की ही दुसरी.) देवघराच्या खालच्या फळीवर, लाल फडक्यात गुंडाळलेली, ती वर्षभर निमूट पडून असते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आई तिला बाहेर काढते, चिंच लावते, वर चिमूटभर रांगोळी टाकते आणि अंगठ्याने खसाखसा घासते. महाराणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानात एवढ्या आपुलकीने दुसऱ्या कुणी न्हाऊमाखू घातले नसेल.

तर हा आमचा राणीछाप रुपया. साल १८६२. एरवी माझे त्याच्याकडे लक्षही गेले नसते. पण यंदा मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा वाचून मला घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूबद्दल प्रेम वाटू लागले. त्यात आमच्या शाखेतल्या कर्जखात्याच्या गृहस्थांनी सांगितले, "अहो, राणीछाप रुपयाला लाखलाख मिळतात!" हे गृहस्थ इतरांना तारणावर कर्ज देतात. त्यांच्या बोलण्याला वजन असणारच असे मी धरून चाललो.

शिवाय पैशांची प्रत ठरवण्यात मी काही नवशिका नाही. वीस वर्षे नोटा निवडतो आहे. एटीएममध्ये घालण्याजोग्या, काउंटरवर देण्याजोग्या आणि रिझर्व्ह बँकेकडे परत धाडण्याजोग्या, असे तीन ढीग मी डोळे मिटून करतो. (साहेबांच्या मते मी सगळेच डोळे मिटून करतो.) तेव्हा एका रुपयाची प्रत ती काय! श्रावणातल्या एका रविवारी रुपया खिशात टाकून मी एका नाणेवाल्या काकांकडे गेलो. उभा जन्म त्यांनी नाण्यांत घालवला आहे, असे कळले होते.

रुपया मी खिशातून किल्ल्यांसकट बाहेर काढला, तिथेच माझी पहिली परीक्षा झाली.

"किल्ल्यांबरोबर?" काकांनी डोळे मिटले. "आणि बोटं चित्रावर नकोत. कडेनं धरा. भाजलेला पापड धरता ना, तसा."

मग त्यांनी मऊ फडके पसरले, दिवा तिरका केला, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. आधी आकड्याच्या वरखाली ठिपके शोधले. १८६२ हे साल टांकसाळींनी तब्बल १८७४ पर्यंत तसेच चालवले. खरे वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपके वाढवत नेले, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे तारखेचा शिक्का एक दिवस बदलायचा राहिला तर लेखी खुलासा द्यावा लागतो! आमच्या रुपयावरचे ठिपके मात्र मोजायला उरलेच नव्हते. मग वजन. राणीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, असे ८० रुपये तराजूत टाकले की पूर्वी एक शेर भरायचा. आमचा भरला ११.२० ग्रॅम.

"गुड म्हणावं लागेल," काका अखेर म्हणाले.

मी खूष झालो. "म्हणजे चांगला आहे!"

"नाही हो. गुड म्हणजे वाईट."

हा धंदा सभ्य माणसांनी काढला आहे एवढे मला कळले. वाईटाला वाईट म्हणायचेच नाही. 'गुड'च्या वर 'व्हेरी गुड', त्याच्या वर 'फाइन', मग 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन', आणि सगळ्यात वर, ज्याने कधी बाजाराचे तोंडच पाहिले नाही असा 'अनसर्क्युलेटेड'. यासाठी ७० गुणांचा पेपरही आहे. तो १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्याकडच्या तांब्याच्या सेंटांसाठी काढला आणि पुढे सगळ्यांनाच लागू झाला. त्यात 'फाइन'ला १२ ते १५. आणि 'गुड'ला? ४ ते ६! ७० पैकी!

इथे मी जरा गप्प झालो. माझ्या गोपनीय अहवालात गेली वीस वर्षे साहेब 'गुड' असे लिहीत आले आहेत.

"मिंटातून निघाल्यावर नाणं आधी कुठं झिजतं सांगा," काका म्हणाले. "जे उंच असतं ते. राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटातले खडे, पोलक्यावरची नक्षी." त्यांनी आपल्या कपाटातला एक 'एक्स्ट्रीमली फाइन' रुपया शेजारी ठेवला. केसान्केस वेगळा! पण रंग काळानिळा. मी म्हणालो, "हा तर काळा पडलाय. आमच्या आईकडे द्या, पाच मिनिटांत लख्ख करील."

काकांनी आपला रुपया घाईघाईने उचलून छातीशी धरला.

मग त्यांनी मला समजावले. तो काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने वर्षानुवर्षे चढवलेली चांदीची साय. ती कुणी चोळून काढली नाही, याचाच तो दाखला. नाणे दिव्याखाली फिरवले की चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरली पाहिजे. आमचा रुपया फिरवला. तो सगळीकडून सारखाच चमकला, पितांबरीने घासलेल्या तांब्यासारखा. भिंगातून पाहिले तर राणीच्या गालावर बारीक बारीक रेघा. "खिशाखिशातून फिरून झिजला असता तर तक्रार नव्हती," काका म्हणाले. "ते त्याचं कामच. पण याला कुणीतरी घासलाय. पन्नासेक वर्षं तरी."

त्यांनी सांगितलेली किंमत चांदीच्या भावाच्या जरा वर होती. मुलीच्या फीपैकी फार तर लेट फी भागली असती.

निघताना त्यांनी रुपयाची कड दाखवली. "इथं वर, बारा वाजतात तिथं, कंगोरे गेलेत बघा. डाख दिसतोय. कडी होती याला. माळेत होता का कुणाच्या?"

घरी आल्यावर मी आईला सगळे सांगितले. सांगायला नको होते; पण चूक कुणाची हे समोरच्याला पटवून दिल्याशिवाय काउंटरवरच्या माणसाला चैन पडत नाही.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे राणीचा गाल मी खाल्ला?"

मी विषय बदलण्यासाठी कडीचे विचारले.

"होती ना. सासूबाईंची माळ होती, अकरा रुपयांची. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मी नवीनच होते घरात. दिवसभर खडीवर जायचं, मिलोची लाल भाकरी खायची. आठपंधरा दिवसांनी सासूबाई माळेतला एक रुपया काढून सराफाकडे जायच्या. दहा गेले."

"आणि हा?"

"हाही नेला होता. सराफ म्हणाला, हा फार झिजलाय, वजनाला कमी भरतो, याचे कमी देईन. सासूबाई म्हणाल्या, कमी देणार असशील तर राहू दे. घेऊन परत आल्या. त्या दिवशी नुसतं पाणी पिऊन निजलो सगळे." आई थोडी हसली. "पुढच्या दिवाळीला त्याची कडी काढून घेतली, पूजेत मांडला आणि चिंच माझ्या हातात दिली. म्हणाल्या, घास."

म्हणजे प्रत तेव्हाच ठरली होती. भिंगाशिवाय.

त्यानंतर आईने तो विषय काढला नाही. लक्ष्मीपूजनाला पाट मांडला, बत्तासे, लाह्या, केरसुणी, माझे पासबुक, सगळे आले. ताम्हनात रुपयाही आला. पण वर्षभराच्या काळवंडलेल्या अंगाने, तसाच. शेजारी चिंचेचा गोळा भिजत घातलेला होता. त्याने समया तेवढ्या घासलेल्या दिसत होत्या.

"हा राहिला वाटतं," मी म्हणालो.

"राहू दे. तुझे ते काका म्हणतात ना, नको म्हणून."

मी मांडी घातली, चिंचेचा गोळा घेतला, वर रांगोळी टाकली आणि राणीच्या उरल्यासुरल्या गालावर अंगठा ठेवला. मुलगी दारातून बघत होती. आईने थोडा वेळ पाहिले आणि मग तिला राहवेना.

"अरे, जरा जोर लाव," ती म्हणाली. "मुकुटात राहिलंय अजून."