सर्व्हिसिंग

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं एस्टिमेट आलं आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. आकडा होता ११८० डॉलर. रुपयात करून बघायची सवय मी इथे आल्यावर वर्षभरात मोडली होती, पण त्या दिवशी राहवलं नाही. केलं, आणि लगेच पश्चात्ताप झाला.

गाडी नवऱ्याची लाडकी. जर्मन, निळी, विजेवर चालणारी, आणि आमच्या ऐपतीच्या जराशी वरची. नवी परवडणारी नव्हती म्हणून २०२० सालची, दोन वर्षं कुणीतरी वापरलेली, २०२२ मध्ये डीलरकडूनच घेतली. घेताना सेल्समनने एकच गोष्ट चार वेळा सांगितली होती, "हिला मेंटेनन्स असा नाहीच." इंजिन नाही, म्हणजे ऑइल बदलणं नाही, प्लग नाहीत, सायलेन्सर नाही. मग पैसे जाणार कशात?

तर ते यात जातात: केबिन फिल्टर २६५, ब्रेक ऑइल बदलणे ३९०, वायपर १२५, तपासणी ३४०, किल्लीतला सेल ३५, आणि किरकोळ सामान २५. बेरीज मी दोनदा केली. बरोबर होती.

बाबा तेव्हा आमच्याकडे बॉस्टनजवळ राहायला आले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझे बाबा एस्टीत मेकॅनिक होते. जवळजवळ सगळी नोकरी नारायणगाव आगारात. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी रस्त्यावरून गाडी गेली की तिचं काय दुखतंय ते त्यांना आवाजावरून कळतं. लहानपणी आम्ही दारात खेळत असलो की ते आतून सांगायचे, "ह्याचा क्लच चाललाय." आमच्या ह्या निळ्या गाडीने मात्र त्यांची पंचाईत केली. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, कान जवळ नेला, आणि सरळ होत म्हणाले, "ही काही बोलतच नाही गं."

एस्टिमेटचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवून मला अर्थ विचारला. मग म्हणाले, "ब्रेक ऑइल बरोबर आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. दोन वर्षांनी बदलावं. वायपर, सेल आणि फिल्टर मात्र आपल्या हातचं काम आहे. त्याला कशाला पैसे द्यायचे?"

नवरा तिथेच होता. दिवसभराच्या मीटिंगांनी वैतागलेला. तो म्हणाला, "बाबा, ही काय एस्टी आहे का? उद्या वॉरंटी गेली तर बॅटरी कोण बदलून देणार?"

बाबांनी कागदाची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि "बरोबर आहे तुमचं, जावईबापू" म्हणून बाहेर जाऊन बसले. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. बाबा दुखावले की फार सभ्य होतात.

(आत्या, तू हे वाचत असशील तर फोनवर त्यांना काही विचारू नकोस. पुढे सगळं ठीक झालंय.)

नवऱ्याची भीती अगदीच खोटी नव्हती. अशा गाडीत जीव असतो तो बॅटरीत. ती बदलायची वेळ आली तर आकडा असा असतो की माणूस गाडीच विकायचा विचार करतो. इथे बहुतेक कंपन्या बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख मैल, जे आधी होईल तिथपर्यंतची वॉरंटी देतात. तिला धक्का लागायला नको म्हणून लोक डीलर सांगेल ते मुकाट्याने करून घेतात. मीही तेच करत आले होते.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसले. तर अमेरिकेत १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदा आहे. सर्व्हिसिंग आमच्याकडेच करा, पार्ट आमचाच वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही. घालायची तर तो पार्ट किंवा ते काम फुकट द्यावं लागतं. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला तर गोष्ट वेगळी. आपण काम वेळेवर केल्याच्या पावत्या मात्र जपून ठेवायच्या. आमचं मॅसॅच्युसेट्स तर ह्या बाबतीत पुढचं राज्य निघालं. आपली गाडी कुठेही दुरुस्त करता यावी म्हणून लागणारी माहिती कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही द्यावी, असा कायदा देशात सगळ्यात आधी इथे झाला, २०१२ मध्ये. गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपुरता तो २०२० मध्ये मतदानाने वाढवलाही, आणि कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. त्या मतदानाला मी नव्हते, माझं नागरिकत्व तेव्हा व्हायचं होतं. पण वाचून बरं वाटलं की "कशाला पैसे द्यायचे?" हा प्रश्न फक्त नारायणगावच्या माणसाला पडत नाही.

सकाळी नवऱ्याला ते दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. "बरं," म्हणाला. एवढंच.

शनिवारी फिल्टर मागवला, ४२ डॉलर. आमच्या गाडीत तो डाव्या-उजव्या भानगडीशिवाय डॅशबोर्डच्या खाली बसतो, झाकण काढलं की हाताला येतो. बाबांना खाली वाकता येत नाही, म्हणून मी गाडीत आडवी आणि बाबा बाहेर खुर्चीवर. "जोर नको लावू. प्लास्टिक आहे. आधी खाच बघ." दहा मिनिटांत जुना फिल्टर माझ्या हातात आला आणि त्यातून ओकची फळं, पानांचा चुरा आणि उंदराने जमवलेली कसली तरी कापसासारखी गादी माझ्या अंगावर पडली. मी किंचाळले. बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मग त्यांनी फिल्टर हातात घेतला, उलटा केला, झटकला आणि बराच वेळ बघत राहिले. कडेला बारीक अक्षरांत तारीख छापलेली होती. साल २०२०.

"मागच्या वेळी फिल्टर बदलला होता म्हणालीस ना?"

मी आत जाऊन जुन्या पावत्यांची फाइल काढली. २०२३ चं बिल. केबिन फिल्टर बदलला, अशी ओळ, तिच्यापुढे पैसे आणि खाली सही. म्हणजे कंपनीतून आलेला फिल्टर पाच वर्षं तिथेच होता आणि आम्ही मध्ये एकदा तो बदलल्याचे पैसे मोजले होते.

मला खरं सांगते, संतापापेक्षा आनंद जास्त झाला. फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, बिल घेतलं आणि सोमवारी डीलरकडे निघाले. बाबाही आले. तिथे काचेच्या भिंती, कॉफीचं मशीन, मऊ सोफे. बाबा सोफ्याच्या अगदी कडेला बसले, पँटला ग्रीस लागलं असेल अशा बेताने.

मॅनेजर चांगला माणूस होता. पिशवीतल्या उंदराच्या गादीकडे बघून त्याने वाद घातलाच नाही. माफी मागितली, मागचे पैसे परत करतो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, की तेव्हाचा तो मेकॅनिक आता इथे नाही, तो तसाच होता. मी बाबांना मराठीत सांगितलं. वाटलं होतं, आता त्यांचा चेहरा खुलेल. बाबा म्हणाले, "त्याला विचार, त्या पोराला ह्यातले किती मिळतात?"

मी विचारलं नाही. धीर झाला नाही. पण नंतर वाचलं तेव्हा कळलं, की इथल्या डीलरांकडे पुष्कळ ठिकाणी मेकॅनिकला घड्याळाच्या तासांवर पैसे मिळत नाहीत. पुस्तकात त्या कामाला जेवढा वेळ लिहिलेला असतो, तेवढ्याचेच मिळतात. लवकर उरकलं तर फायदा, गंजलेला बोल्ट निघाला नाही तर नुकसान. आमच्याकडून तासाला २४० डॉलर घेतात, त्यातला लहानसा वाटा त्याच्या हातात पडत असणार. बाकी पैसे काचेच्या भिंतींचे, कॉफीचे, वर्षातून चारदा येणाऱ्या ट्रेनिंगचे, खास हत्यारांचे, आणि अर्थात नफ्याचे. माझ्या कंपनीचं तरी वेगळं काय आहे? माझ्या एका तासाचे क्लायंटकडून जेवढे घेतात, ते ऐकून मी स्वतःलाच परवडले नसते. असो.

परत येताना गाडीत बाबांनी एक गोष्ट सांगितली. मी त्यांची मुलगी, पन्नाशीला आले, आणि ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

आगारात एक गाडी ब्रेकच्या कामाला आली होती. चारही चाकांचं लायनर बदललं. तीन चाकं बाबांनी स्वतः तपासली, चौथं हेल्परने बसवलं. ड्यूटी संपत आली होती, हेल्पर म्हणाला "झालंय भाऊ", आणि बाबांनी सही केली. घरी आले, जेवले, आडवे झाले. झोप येईना. ती गाडी पहाटे माळशेज घाटातून कल्याणला जायची होती. अकराच्या सुमारास उठले, सायकल काढली, पुन्हा आगारात गेले, जॅक लावून ते चाक उघडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बरोबर होतं. पोराने नीट बसवलं होतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी बघितलं नव्हतं ना."

त्यानंतर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मी मनात त्या फाइलमधली २०२३ ची सही बघत होते. आपण सर्व्हिसिंगचे पैसे देतो ते कशाचे? फिल्टरचे ४२, तेलाचे फार तर तीस. बाकीचे त्या सहीचे. कुणीतरी बघितलंय, ह्याचे. ब्रेक ऑइल बदललंय की नाही हे मला कधीच दिसणार नाही. त्यात पाणी वाढलं की ते लवकर उकळतं आणि नेमका उतारावर पाय खाली जातो, हेही बाबांनी सांगितलं म्हणून मला माहीत. आमच्या गाडीत तर वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, खऱ्या ब्रेकची गरज क्वचित पडते. म्हणजे ते आतून कसे आहेत हे कळायचं ते अगदी गरज पडेल तेव्हाच. जे आपल्याला दिसत नाही त्याची किंमत कुणीही कितीही लावू शकतो, आणि आपण घाबरून देतो. ११८० मला जास्त वाटले, पण खरी गंमत अशी की २०२३ मध्ये फिल्टर बदललेला असता तर मी हे पैसेही कुरकुरत दिलेच असते.

वायपर आणि सेल आम्हीच बदलले. ब्रेक ऑइल आणि तपासणी डीलरकडेच केली. बॉनेटखालच्या जाड नारिंगी वायरी बघून बाबांनीच तसं सांगितलं. अशा गाड्यांत कुठे ४००, कुठे ८०० व्होल्ट असतात, हे ऐकल्यावर ते दोन पावलं मागे सरकले. "एस्टीला चोवीस. ह्याला शिकलेलाच माणूस पाहिजे." ह्या वेळी मी एकच अट घातली, की काम करणाऱ्याने स्वतः येऊन काय केलं ते सांगावं. पंचविशीतला एक मुलगा आला, हात पुसत. टायर आतल्या बाजूने झिजतायत, गाडी जड आहे म्हणून लवकर जातात, वर्षभरात बदला, म्हणाला. बाबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे, पण त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. विमानतळावर सोडायला आम्ही दोघं होतो. वाटेत हायवेवर नवरा एकदम म्हणाला, "बाबा, जरा ऐका बरं. मागे उजवीकडे काही वाजतंय का?"

बाबांनी डोळे मिटले. गाडीत तसाही दुसरा आवाज नव्हता, रस्त्याचा आणि चाकांचा तेवढा. मैलभर ते तसेच बसून होते.

"टायर आहे. हवा बघून घ्या, जावईबापू."

"घरी गेल्यावर लगेच बघतो," नवरा म्हणाला. आणि खरंच, परत आल्यावर कपडे न बदलता गेज घेऊन तो गॅरेजमध्ये गेला.

पुढचं सर्व्हिसिंग २०२७ मध्ये. फिल्टर मी बदलणार आहे. बाकीचं ज्याच्या हातून होईल, त्याला नाव विचारणार आहे.