न आलेला अंक

माणूस गेला म्हणजे त्याची वार्ता आपोआप कळते. मारेगावसारख्या लहान गावात तर ती अर्ध्या तासात कळते. चार माणसे जमतात, दोन शब्द बोलतात, दहावे-तेरावे होते आणि मागे राहिलेल्यांच्या दुःखाला एक वाट मिळते. नियतकालिक गेले म्हणजे मात्र यातले काहीच होत नाही. एक अंक येत नाही. आपण म्हणतो, वाटेत कुठे अडकला असेल. दुसरा येत नाही. आपण विक्रेत्याला विचारतो. तिसऱ्या वेळी विचारायचा आपल्यालाच संकोच वाटतो आणि मग ते नाव हळूहळू आपल्या तोंडातूनच जाते. ज्याने वर्षानुवर्षे आपल्याला इतक्या गोष्टी सांगितल्या, त्याने जाताना 'येतो' एवढेही म्हणू नये, हे मनाला लागते. पण सांगायचे कोणाला? एका छापील कागदासाठी सुतक पाळणारा माणूस लोकांना खुळाच वाटायचा!

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण माझा पुतण्या. तो पुण्याला अभियांत्रिकी शिकतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचा एके रात्री फोन आला. स्वर असा, की मला वाटले परीक्षेत काही घोटाळा झाला.

"काका, गेम इन्फॉर्मर बंद झालं."

हे काय प्रकरण आहे ते त्याने मला समजावून सांगितले. संगणकावर आणि दूरदर्शन संचावर खेळायच्या खेळांविषयीचे ते अमेरिकेतले मासिक. १९९१ साली निघाले. कोणता खेळ नवा येणार, तो कोणी रचला, चांगला की फुसका, हे सारे त्यात असायचे. खेळ विकणाऱ्या एका मोठ्या दुकानदार कंपनीच्या मालकीचे ते होते. २ ऑगस्ट २०२४ रोजी त्या कंपनीने ते बंद केले. तेहतीस वर्षांचा संसार एका दिवसात आटोपला. आणि संकेतस्थळावर जिथे कालपर्यंत हजारो लेख होते, तिथे निरोपाचा एक मजकूर तेवढा उरला. जुने काही उघडायला जावे, तर पुन्हा तोच निरोप समोर.

"बाबा म्हणाले, खेळ तर बंद झाला नाही ना? मग रडायला काय झालं?" पुतण्या म्हणाला.

दादाने असे म्हणावे याची मला मोठी गंमत वाटली. कारण हाच दादा एके काळी 'एकच षटकार'चा अंक आला नाही म्हणून दोन दिवस घरात कोणाशी बोलला नव्हता.

आजच्या तरुण वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. ऐंशीच्या दशकात निघालेले ते मराठी क्रीडा पाक्षिक. संपादक होते संदीप पाटील. होय, तेच, ज्यांनी १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले आणि १९८३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडची गोलंदाजी झोडपून नाबाद ५१ धावा काढल्या. असा फलंदाज संपादक झाल्यावर पाक्षिकाला दुसरे कोणते नाव शोभणार? कार्यकारी संपादक होते द्वारकानाथ संझगिरी. मुंबई महापालिकेत इंजिनियरची नोकरी करून हा गृहस्थ क्रिकेटवर असे लिही, की वाचणाऱ्याला वाटावे, आपण त्यांच्या शेजारीच बसून सामना पाहतो आहोत. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्यावरचे लेख वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घराचा ओटाच उभा राहिला.

त्या ओट्यावर आम्ही दोघे भाऊ तो अंक वाचत असू. पैसे दोघांचे, पण पहिला हक्क दादाचा, कारण तो मोठा. तो वाचीत असे आणि मी उलट्या बाजूने मलपृष्ठ वाचीत असे. मधल्या पानांवर एखाद्या खेळाडूचे मोठे रंगीत छायाचित्र असले, तर त्यावरून भांडण ठरलेले. शेवटी आई न्याय करी: चित्र भिंतीला, अंक दादाला आणि मला अंकाला घालायचे जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टण! आमच्या मातीच्या भिंतीवर कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या एका बाजूला कपिल देव होता आणि दुसऱ्या बाजूला व्हिव्ह रिचर्ड्‌स. आजी संध्याकाळी दिवा लावून तिघांनाही हात जोडीत असे.

आम्ही तेव्हा एकही मोठा सामना पाहिला नव्हता. आमचे मैदान म्हणजे कापूस निघून गेल्यावरचे वावर. पऱ्हाटी उपटली, की चेंडूला जागा मिळे. बॅट सुताराकडून करून घेतलेली. मुंबईचे वानखेडे आम्हाला काशी-रामेश्वराइतके दूर. आमच्या आटोक्यातले पंढरपूर म्हणजे नागपूर. तिथे ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाचा सामना झाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. विश्वचषकातले ते पहिलेच त्रिक. आणि तिघांचेही त्रिफळे! मग सुनील गावसकरांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. एक दिवसाच्या सामन्यांतले त्यांचे ते एकुलते एक शतक. सारा गाव रेडिओभोवती गोळा झाला होता. दादाने आत येऊन आजीला सांगितले, "आजी, तिघांचाही त्रिफळा उडवला!" आजी म्हणाली, "अरे बाप्पा! एवढा त्रिफळा घेतल्यावर पोट ठीक राहिलं का त्याचं?"

सामना त्याच दिवशी संपला. आमच्यासाठी मात्र तो संपला नाही. छापील वर्णनाची वाट पाहण्यात आम्ही पुढचे दिवस काढले. निकाल ठाऊक होता, धावफलक पाठ होता, तरी सारे पुन्हा कोणाकडून तरी नीट ऐकायचे होते. लग्न आटोपून पंधरा दिवस झाल्यावर पुण्या-मुंबईची आत्या येऊन सारे लग्न पहिल्यापासून सांगते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने पार पडले असे वाटते ना, तसे हे होते.

मी मराठीचा प्राध्यापक आहे. एम. ए. ला मी ज्ञानेश्वरी वाचली, केशवसुत वाचले, आणि त्यांचे ऋण मोठेच आहे. पण वाक्य कुठे तोडावे, कुठे लांबवावे, एखाद्या फटक्याला कोणते क्रियापद शोभेल, हे मी प्रथम क्रीडावर्णनांतून शिकलो. यष्टिचीत, पायचीत, झेल, निर्धाव षटक हे शब्द मला कोणी शिकवले नाहीत. ते वावरात चेंडूबरोबर सापडले. त्यामागे केवढे श्रम होते! आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून धावते वर्णन करीत आणि शब्दाशब्दाने खेळ मराठीत आणीत. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाच्या पानाला पहिल्या पानाच्या पंगतीला बसवले. 'षटकार' त्याच परंपरेतला. परक्यांचा खेळ आपल्या बोलीत आला, म्हणूनच तो आमच्यासारख्या आडगावच्या पोरांचा झाला.

मग एकदा अंक आला नाही.

बसस्थानकावरच्या विक्रेत्याकडे दादा गेला. तो म्हणाला, "आला नाही जी अजून. येईन पुढच्या गाडीनं." पुढच्या गाडीने तो आला नाही. त्याच्या पुढच्या गाडीनेही आला नाही. पुढे काही दिवस विक्रेता आम्ही दिसताच लांबूनच हात हलवू लागला. मग आम्ही तिकडून जायचेच टाळू लागलो. त्याला वाईट वाटू नये म्हणून, आणि आम्हालाही.

विदर्भातल्या माणसाला एक सोय असते, ती म्हणजे हिंदी. आम्ही 'क्रिकेट सम्राट'कडे वळलो. दिल्लीहून १९७८ सालापासून निघणारे ते मासिक रेल्वेच्या स्टेशनांवर आणि बसस्थानकांवर हमखास मिळे. त्यात आकडे भरपूर. प्रेम जडायला वेळ लागला, पण जडले. दुसऱ्या संसारातही माणूस रमतोच की! २०२० साली टाळेबंदी आली. सामने नाहीत, गाड्या नाहीत, दुकाने उघडी नाहीत. त्या वर्षी 'सम्राट'ही बंद झाला. बेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवसांत माणसांच्याच मृत्यूच्या वार्ता इतक्या येत होत्या, की मासिकासाठी हळहळायचीही लाज वाटली.

नियतकालिके का बंद पडतात, याचा हिशेब अवघड नाही. घरोघर दूरदर्शन आला आणि जे वाचायचे ते दिसू लागले. दैनिकांनी खेळाची पाने वाढवली. जाहिरातदार तिकडे गेले. मग खिशातच फोन आला आणि चेंडू पडायच्या आत धावसंख्या कळू लागली. पंधरा दिवसांनी येणाऱ्याची वाट कोणी आणि कशाला पाहावी? हे सगळे मला पटते. आज मारेगावच्या मुलाला जगातला कोणताही सामना तळहातावर पाहता येतो, आणि त्याबद्दल मी तक्रार केली तर तो कृतघ्नपणा होईल. आम्हाला हे मिळते, तर आम्ही सोडले असते काय?

तरीही काहीतरी गेले आहे. माहिती गेलेली नाही, ती तर ओसंडून वाहते आहे. गेला आहे तो सांगणारा. जो सामन्यानंतर थोडा थांबे, विचार करी आणि मग 'हे पाहा, झाले ते असे झाले' असे म्हणून आपल्याशेजारी बसे. आपण त्याच्याशी मनातल्या मनात भांडू शकत होतो. शिवाय तोच अंक त्याच पंधरवड्यात सांगलीत, जळगावात, बेळगावात आपल्यासारखाच कोणी पोरगा वाचतो आहे, ही जाणीव होती. त्या न पाहिलेल्या पोरांशी आमची एक सोयरीक होती. ती मोडली.

पुतण्याला मी फोनवर यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "जेवलास का? जेवून घे. आणि त्यातला तुला आवडलेला एखादा लेख मला सांग." मग तो तासभर बोलत होता. मला त्यातले निम्मे कळले नाही. पण तो बोलत होता निम्म्या इंग्रजीत, हे मात्र कळले. त्याच्या खेळांना मराठी शब्दच नाहीत. कोणी 'षटकार' त्यांच्यासाठी निघालाच नाही, मग शब्द येणार कुठून? आमचे पाक्षिक निदान होऊन गेले. त्याच्या पिढीचे मराठीत जन्मालाच आले नाही. कोणते दुःख मोठे, ते मला सांगता येणार नाही.

पुढे एक आनंदाची गोष्ट झाली. २०२५ च्या मार्चमध्ये एका दुसऱ्या कंपनीने 'गेम इन्फॉर्मर' विकत घेतले आणि जुन्या संपादक-मंडळासकट ते पुन्हा सुरू केले. जुने लेखही परत आले. पुतण्याने तेव्हाही फोन केला. मी दादाला म्हटले, "बघ, मेलेले मासिक जिवंत होते!" दादा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आपले ते अंक आईनं कुठं ठेवले असतील रे?" वरच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ते होते. वाळवीने काही नेले, काही ठेवले. दादा चष्मा लावून संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. त्या दिवशी त्याने मला पहिला हक्क दिला; बहुधा दोघांचेही केस पांढरे झाले म्हणून.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याच्या तीनच दिवस आधी जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून अशक्य वाटणारे लक्ष्य गाठून दिले होते. आमच्या कॉलेजातल्या मुली आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हत्या. फोनवर त्यांनी सारे पाहिले होते, दहा दहा वेळा पाहिले होते. तरी त्यांतली एक मला विचारीत आली, "सर, यावर निवांत वाचायला मराठीत काही येईल का जी? पुस्तकासारखं, ठेवायला?"

मी तिला दैनिकांतले दोन-चार चांगले लेख काढून दिले. दुसऱ्या आठवड्यात तिच्या वहीचे पुठ्ठे पाहिले. वर्तमानपत्रातून कातरलेले जेमिमाचे चित्र तिने त्यावर चिकटवले होते. कागद पातळ, शाई मागून उमटलेली, आणि डिंक नसल्यामुळे कडेला भाताची शिते लावलेली. आतल्या पानावर तिने स्वतःच त्या सामन्याचे वर्णन लिहायला घेतले होते. तीन पाने झाली होती. 'पायचीत'मधला ची तिने ऱ्हस्व काढला होता. तो तेवढा मी दुरुस्त केला आणि खाली लिहिले, 'पुढचा भाग केव्हा?'