गुरुनाथ आला का?

टायफॉइडनंतर सक्तीची विश्रांती होती. अंबाजोगाईला मावशीकडे पडून मी ‘माझ्या नवऱ्याची बायको’चे जुने भाग पाहत राहिले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये झी मराठीवर सुरू झालेली ही मालिका २०२१ पर्यंत चालली. नागपूरकडची राधिका, नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया, गोष्ट एवढीच. माझे डोळे मात्र गुरुनाथवरून हलत नव्हते.

थाप मारण्याआधीचा अर्धा क्षण गुरुनाथ झालेल्या अभिजीत खांडकेकरने फार छान धरलाय. राधिकेला ती थाप कळत नाही, आपल्याला कळते. तिथंच आपण नको असतानाही त्याच्या बाजूला जाऊन बसतो.

मावशी ज्वारी निवडता निवडता त्याला शिव्या घालायची, पण तो पडद्यावर आला की सुपातला हात थांबायचा. शेजारच्या काकू रोज यायच्या. त्यांचा नवरा ऊसतोडीच्या हंगामाला गेला, तो तिकडंच दुसरा संसार मांडून राहिला. गुरुनाथ पकडला गेला की सगळ्यात मोठ्यानं त्याच हसायच्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

ते हसू मला अजून उलगडलेलं नाही. सूड म्हणावा तर त्यात राग नव्हता. आपला माणूस कधी समोर सापडला नाही, हा तरी सापडतोय, असं काही असेल का?

एकदा गुरुनाथ फारच केविलवाणा झाला, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “जेवला का नाही गं ह्यो?” मावशी चिडली. मी गप्प राहिले, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.