सिस्टरांची यादी

मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, मुंबई-आग्रा महामार्गावर खिचडीला तोटा नव्हता. कसारा घाट चढून, इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे करत पायी गावाकडे निघालेली माणसं नाशिकच्या वेशीवर येत होती आणि विल्होळीपासून आडगावपर्यंत कुणी ना कुणी पातेलं घेऊन उभं होतं. गुरुद्वाऱ्याचा लंगर होता, जैन मंडळं होती, सोसायट्यांचे ग्रुप होते. जुन्या नाशकातली रोजे धरलेली मुलं तर स्वतः घोटभर पाणी न पिता भर उन्हात लोकांना बाटल्या वाटत होती. त्या सगळ्यांत विल्होळीजवळ, एका बंद धाब्याच्या पडवीत, आमच्या चर्चचंही एक टेबल होतं.

नाशिक रोडवरून भोपाळसाठी मजुरांना गावी नेणारी पहिली श्रमिक गाडी १ मेच्या रात्री सुटली होती. पण गाडीत जागा मिळायची म्हणजे अर्ज, तपासणी, नंबर लागण्याची वाट. ज्यांचा धीर सुटला ते चालत राहिले. त्यांत भिवंडीच्या यंत्रमागांवरचे होते, ठाण्याच्या बांधकामांवरचे होते, कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या.

आमची मंडळी नाशिकच्या शरणपूर भागातली, मराठी. दर दोन घरांआड एक शिक्षक आणि एक नर्स. मी त्यातली शिक्षिका. चर्चला मार्चपासून कुलूप होतं, १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही मोबाइलसमोर बसून साजरा केला होता. पोलिसांकडून पास मिळाला तसे आठ-दहा जण पातेली घेऊन निघालो. आमच्याबरोबर एक निवृत्त सिस्टर होत्या. त्यांचा जन्म मिशनच्या दवाखान्यांत गेलेला. आवाज अजून वॉर्डातलाच.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलंच नाही. त्या येणाऱ्यांचे पाय बघत होत्या. थोड्या वेळानं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, ह्यांची पोटं भरलीत. ह्यांना चपला पाहिजेत."

आणि खरंच होतं ते. लोक दोन घास खाऊन पत्रावळी ठेवून देत होते. कुणाच्या पायात तळ झिजून भोक पडलेली रबरी चप्पल, कुणी प्लास्टिकच्या बाटल्या चेपून सुतळीनं पायाला बांधलेल्या. टाचांना फोड, फोड फुटून माती गेलेली. सिस्टरांनी तिथेच माझ्या वहीत यादी सांगितली: मीठ, घमेली, बीटाडीन, गॉज, रुंद चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं, मोबाइल चार्जिंगचा बोर्ड. आणि चपला, पुरुषांच्या सात ते नऊ नंबर, बायकांच्या पाच-सहा. मुलांच्या मिळतील तेवढ्या.

दुकानं बंद होती. शहरातल्या शालिमार भागातल्या एका व्यापाऱ्यानं मागच्या दारानं गोदाम उघडून दिलं आणि खरेदीच्या भावात माल दिला. तो ना आमच्या मंडळीतला, ना आमच्या ओळखीचा.

बॅनरवरून मात्र आमच्यातच जुंपली. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं: बॅनर नाही, पत्रकं नाहीत, फोटो नाहीत, आणि कुणी मागितल्याशिवाय त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना नाही. चर्चच्या पास्टोरेट कमिटीतले एक काका ह्यावर नाराज होते. "मग हे येशूच्या नावानं आहे हे लोकांना कळणार कसं? बाकीचे लावतात की बोर्ड." पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "विचारलं तर सांगा. लपवायचं नाही, पण सांगत सुटायचं नाही."

मला काकांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा वाटला नाही. आम्ही घर सोडून संसर्गाच्या दिवसांत तिथे उभे होतो ते विश्वासापोटीच. पण मी पाळकसाहेबांच्या बाजूची, आणि त्याला आमच्याच शरणपूरचा इतिहास कारण आहे. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस ह्या मिशनऱ्यानं ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमारानं सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात, त्यातली बरीच इथे येत. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकत. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचं शव महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढच्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. आम्ही लहानपणापासून हे अभिमानानं ऐकत आलो. अभिमान मलाही आहे. पण त्या पोरांना छप्पर, हुन्नर, नवं नाव आणि नवा धर्म हे सगळं एकाच हातानं मिळालं, आणि कशालाही नाही म्हणण्याची त्यांची सोय नव्हती. उपाशी, पाय सोललेल्या माणसाचीही ती नसते. त्याच्यापुढे पत्रक धरणं मला म्हणून पटत नाही.

गोरखपूरकडचे एक वयस्क गृहस्थ घमेल्यात पाय सोडून बसले होते. कुणाकडून आहे हे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चर्च की तरफ से." त्यांनी पाय बाहेर काढले.

"बदले में क्या करना होगा?"

सिस्टर खाली बसून गॉज कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दो घंटा चलना नहीं. बैठना."

ते हसले की नाही हे मास्कमुळे कळलं नाही, पण पाय पुन्हा पाण्यात गेले. शेजारच्या आमच्या एका तरुणाला राहवलं नाही. तो म्हणाला, "सिस्टर, यंदा पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुणं राहून गेलं, ते इथे झालं बघा." सिस्टर म्हणाल्या, "उपदेश रविवारी. आता ते पाणी बदल." त्या गृहस्थांनी जाताना आठ नंबरची चप्पल मागून घेतली आणि सगळ्यांना "राम राम" केला. काकांनीच सर्वांत आधी "राम राम" म्हटलं.

महिनाअखेर रस्ता ओसरला. उरलेला माल सिस्टरांनी चर्चच्या कपाटात ठेवला, नंबरवार लावून.

२०२२ मध्ये, कोविडमुळे थांबलेली निवृत्तीनाथांची पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा ते कपाट उघडलं. ज्येष्ठात पालखी त्र्यंबकहून निघून सातपूरमार्गे नाशकात येते आणि पुढे सिन्नरच्या वाटेला लागते. वारकऱ्यांशी आमचं नातं तसं जुनं: आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर. तरी वारकऱ्यांमध्ये घमेलं घेऊन बसायचं तर आधी विचारावं, म्हणून पाळकसाहेब दिंडीप्रमुखांना भेटले. "माउली, बसा की," एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून आमचं टेबल असतं.

वाटेवर चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू भरपूर असतात. तुम्ही पालखीच्या वाटेवर राहत असाल तर यंदा त्याऐवजी रुंद चिकटपट्टी, गॉज आणि रबरी चपला ठेवा. फोड फोडू नका. आणि सात ते नऊ नंबर जास्त घ्या, ते पहिल्या तासात संपतात.