सिग्नल

आमच्या आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणतात. दौंडला रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी नुसत्या भोंग्यावरून कुठली गाडी आली आणि किती लेट आली ते सांगतात.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे होतो. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या डाव्या हातातून चहाची बशी निसटली. बोलणंही जरा जड वाटलं. "छातीत धडधडतंय रे," म्हणाले. मी म्हटलं, "ॲसिडिटी असेल अण्णा, पडा जरा." आणि टीव्हीवर मॅच बघत बसलो. दुपारी चारला आई शिरूरहून आली. उंबऱ्यातूनच तिने अण्णांकडे पाहिलं आणि हातातली पिशवी टाकली. "अरे, तोंड वाकडं झालंय, तुला दिसलं नाही?"

पुण्याला पोचेपर्यंत रात्र झाली. मॉनिटरवर ठोके वाट्टेल तसे पळत होते. आम्हाला वाटलं, हार्ट अटॅक. पण अँजिओग्राफीत नळ्या स्वच्छ निघाल्या. बिघाड मेंदूत होता. डॉक्टरांनी स्कॅनमध्ये उजवीकडे, खोल घडीत दडलेला एक भाग दाखवला. त्याचं नाव इन्सुला, म्हणजे लॅटिनमध्ये बेट. जर्मन डॉक्टर योहान राइल यांनी १८०९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून 'राइलचं बेट' असंही म्हणतात.

छातीतली धडधड, भूक, मळमळ अशा शरीराच्या आतल्या खबरा तिथे पोचतात. ठोके आणि रक्तदाब यांवरही त्या भागाचा ताबा चालतो. त्याचं रक्त अडलं तर धडधाकट हृदयाची लयही बिघडू शकते. आपल्या भाषेत, मोटर ठीक, कंट्रोलर जळाला. कधी उलटंही होतं. ठोके आधीपासूनच अनियमित असतात, त्यामुळे हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. म्हणून डॉक्टरांनी मॉनिटर लगेच काढला नाही.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे सहा तास दौंडच्या घरातच गेले होते.

अण्णा वाचले. ठोके आठवड्याभरात ताळ्यावर आले, डावा हात मात्र अजून नाही. मला एका शब्दाने बोलले नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "तू तरी काय करणार? तुला सिग्नल वाचता येत नव्हता."

मित्रांनो, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ जड होणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ फिरवा आणि घड्याळात किती वाजले ते लक्षात ठेवा. मॅच कोण जिंकलं, ते मला आज आठवतही नाही.