अंधाऱ्या खोलीतला अर्धा तास

पेशंट पेट स्कॅनच्या कॅमेऱ्याखाली येतो, तोवर मेंदूचं चित्र काढून झालेलं असतं. नातेवाइकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, चित्र ते मोठं यंत्र काढतं. यंत्र फक्त मोजतं. चित्र काढतो मेंदू स्वतः, त्याआधीच्या अर्ध्या तासात.

आम्ही शिरेतून एफडीजी देतो. ग्लुकोजसारखाच रेणू, फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, फॉस्फेट चढवते, आणि तिथेच गाडी अडते. तो पुढे जळत नाही आणि सहजी बाहेरही पडत नाही. ज्या भागाची भूक जास्त, तिथे तो जास्त साठतो.

म्हणून न्यूक्लिअर मेडिसिनमधलं आमचं खरं कसब या अर्ध्या तासाचं आहे, असं मी मानते. पेशंट उपाशीपोटी आलेला हवा. बोटातून रक्त काढून साखर बघायची; ती चढलेली असेल तर खरं ग्लुकोजच पेशींत शिरतं आणि एफडीजीला जागा कमी उरते. सुई आधीच लावून ठेवायची, म्हणजे टोचल्याची धास्ती ओसरायला वेळ मिळतो. दिवे मंद. मोबाइल बाहेर. "आजोबा, आता बोलायचं नाही, काही मोजायचं नाही, मनातल्या मनात जपसुद्धा नको. नुसतं पडून राहायचं." डोळे उघडे ठेवून कुणी छताकडे बघत राहिलं, तर डोक्याच्या मागचा दृष्टीचा भाग जास्त उजळतो. बोलत राहिलं, तर भाषेचा. खोलीत कुणी नको असा शिरस्ता आहे, पण विसराळूपणा फार वाढलेला माणूस अनोळखी अंधारात एकटा घाबरतो, आणि भीतीही मेंदूला कामाला लावते. अशा वेळी मी घरच्या एकाला हात धरून गप्प बसू देते.

घाई मात्र असतेच. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तो सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार होतो. ज्यांच्याकडे स्वतःचा सायक्लोट्रॉन नाही त्यांच्याकडे डोस शिशाच्या भांड्यातून गाडीने येतो. ती गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की औषध वाटेतच विरत असतं.

मग कॅमेऱ्याने मोजलेलं पडद्यावर उमटतं. अल्झायमरमध्ये तिथे दोन्ही कानांच्या वरचा, मागच्या बाजूचा पट्टा फिकट दिसतो. त्याहून मी आधी बघते ते आत, दोन अर्धगोलांच्या मधोमध असलेलं पोस्टिरिअर सिंग्युलेट. ते बऱ्याचदा सगळ्यांत आधी मंदावतं. हातापायांच्या हालचालींचा पट्टा आणि दृष्टीचा भाग मात्र उशिरापर्यंत उजळ राहतो. दृष्टीचाच भाग मंद असेल तर मनात लेवी बॉडीचा आजार येतो. कपाळामागचा आणि कानशिलाचा पुढचा भाग मंद असेल तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया.

हे मंदावणं का? शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे वीस टक्के. ही ऊर्जा तयार होते मायटोकॉन्ड्रियात, ऑक्सिजन वापरून, आणि तिथून काही इलेक्ट्रॉन निसटतातच. त्यांतून सुपरऑक्साइड तयार होतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. ते पेशीला इजा करू शकतं; ते निकामी करायला पेशीजवळ ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट असतं. मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करायला जे एनएडीपीएच लागतं, त्यातलं बरंचसं त्याच ग्लुकोजमधून, एका बाजूच्या वाटेने मिळतं. म्हणजे ग्लुकोज नुसतं चुलीतलं सरपण नाही, छपराच्या डागडुजीचा पैसाही तोच. तंगी आली की दोन्ही खर्च एकदम अडतात. मायटोकॉन्ड्रिया बिघडले की इलेक्ट्रॉनची गळती वाढते आणि त्या गळतीने मायटोकॉन्ड्रिया आणखी बिघडतात. यात आधी काय होतं, यावर अजून वाद आहे.

रिपोर्ट घ्यायला आलेली मुलगी विचारते, "डॉक्टर, अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल सुरू केल्यात, चालतील ना?" प्रश्नामागची तळमळ मला कळते, म्हणून मी पूर्ण उत्तर देते. पार्किन्सनमध्ये व्हिटॅमिन ई १९९३ साली निरुपयोगी ठरलं, मोठ्या मात्रेतलं कोएन्झाइम क्यू-१० २०१४ साली. सौम्य स्मृतिदोष अल्झायमरकडे जाण्यापासून व्हिटॅमिन ईने थांबला नाही, हे २००५ साली दिसलं. अल्झायमर झालेल्यांत मात्र २०१४च्या एका चाचणीत रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश घटली. तेही भरपूर डोस देऊन, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तो डोस जोखमीचा. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको.

मग ती पडद्यावर निळ्या दिसणाऱ्या मंद भागाकडे बोट दाखवते. "हे सगळं मेलंय का?"

नाही, असं मी सांगते, आणि धीर द्यायचा म्हणून नव्हे. पेशी काही गेलेल्या असतात, काही नुसत्या मंद झालेल्या. कॅनडात शेरब्रुक इथे स्टीफन कुनान यांच्या गटाने कार्बन-११ लावलेलं ॲसिटोॲसिटेट हे कीटोन देऊन, ग्लुकोजऐवजी चालणारं हे इंधन मेंदू किती घेतो ते मोजलं. सौम्य अल्झायमरमध्ये ग्लुकोजचा वापर घटलेला होता, पण कीटोनचा जवळजवळ निरोगी माणसांइतकाच होता. म्हणजे इंधन घेऊ शकणाऱ्या पेशी तिथे शिल्लक होत्या. एवढ्याने कुणाची आठवण परत येते असं सिद्ध झालेलं नाही, हेही मी त्याच दमात सांगते.