तुरळक ठिकाणी

आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या संपत आल्या की वडील हाताचा पंजा वर करत. आता कुणी बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. मग त्या ठरावीक सुरात हवामान यायचं. कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, विदर्भ आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी. वडील रेडिओ बंद करून म्हणत, "तुरळक म्हणजे आपण नाही." परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव काळ्या रानाचं, पण आभाळाच्या हिशेबात त्याची जागा कायम त्या शेवटच्या शब्दात.

पुढे कळलं की हे शब्द नुसते बोलायचे नसतात, मोजलेले असतात. विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर तुरळक, तिथून पन्नासपर्यंत काही ठिकाणी, पंचाहत्तरपर्यंत बऱ्याच ठिकाणी. म्हणजे चारांतली तीन गावं कोरडी. वडिलांनी शाळा चौथीत सोडली होती, पण हे गणित त्यांचं चुकलेलं नव्हतं.

आता मी पुण्यात असतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात येत्या सात दिवसांचा तक्ता मोबाइलवर उघडून बसतो. चार विभाग, सात रकाने, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. या चार ओळींत माझं सगळं गणगोत मावतं. मावशी चिपळूणला, ताई नागपूरला, दादा आणि आई गावाकडे. कोकणच्या ओळीत नारिंगी दिसलं की मावशीला फोन करायचा. ती आगोटीची बेगमी कधीच करून बसलेली असते आणि उलट मलाच विचारते, "छत्री आहे ना रे?"

तक्त्यात हे चार विभाग शेजारी शेजारी बसलेले दिसतात, पण त्यांचा पाऊस एका घरचा नाही. कोकणाला पाजतो अरबी समुद्र. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि पदरी असेल ते तिथंच ओतून टाकतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. विदर्भाचं निराळं. तिकडचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरातून येतो. तिथं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ते ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे सरकलं, की ताई म्हणते, झड लागली. मराठवाडा या दोघांच्या मधोमध. इकडून आलेला ढग घाटावर रिकामा झालेला, तिकडून आलेला वाटेत दमलेला. दोन्ही पंगतींत शेवटच्या पाटावर बसलेल्या माणसासारखं. वाढपी पोचेपर्यंत भांड्यात काय उरेल ते आपलं.

आणि विभाग तर फारच मोठा झाला, एका शहराचंही नक्की सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही. मुंबईत बऱ्याच ठिकाणी, असं म्हणून काय भागणार होतं?

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुनी माणसं अजून सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं, म्हणून हे नाव. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. त्या चौकातून जाताना मला हटकून आमच्या घरातलं पंचांग आठवतं. खुंटीला अडकवलेलं, हळदीच्या बोटांचे डाग पडलेलं. आई त्यात नक्षत्राचं वाहन बघायची. मृगाला बेडूक आला, म्हैस आली, आर्द्रेला हत्ती आला की चेहरा उजळायचा. कोल्हा निघाला की पान उलटायची. वडील तिला हसत. पण अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीत काय निघालं, हे मात्र चार जणांना विचारून येत. तिथं घटाच्या मध्यभागी चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि सकाळी कुठलं किती भिजलं ते बघतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण पाऊस महिन्यांत वाटून मागावा, एकदम मागू नये, ही त्या मांडणारांची समज मला पटते.

कारण बेरीज फसवते, आणि सरासरी तारीखही. मॉन्सून मुंबईत यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोचला, २०२५ मध्ये २६ मेलाच हजर. पाऊस असा हुलकावणी देतो, तरी मोबाइलमधल्या सातव्या रकान्यातला ढग पहिल्या रकान्यातल्या ढगाइतकाच ठळक काढलेला असतो, हे मला खटकतं. उद्याचं आणि पुढच्या गुरुवारचं सांगणं एका तोलाचं नसतं. चित्र काढणाऱ्यानं तो शेवटचा ढग जरा फिका काढायला हवा.

आमच्याकडे आकड्यांचा एक वेगळाच घोर आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. मागं एकदा आमच्या ओढ्यानं बांध फोडला, सोयाबीन आडवं झालं आणि मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस भरला साठच्या आत. यंत्र आठ कोस लांब, ढग आमच्या शिवारावर. दादा म्हणाला, "ढगाला मंडळाची हद्द माहीत नव्हती."

काल त्याचा फोन आला. बियाण्याच्या पिशव्या अजून शिवलेल्याच आहेत. पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. शेजाऱ्यानं पहिल्या वळवावर पेरून टाकलंय. "रानात उभा हाय," दादा म्हणाला. मागून खुरप्याचा आवाज येत होता. वरची माती बाजूला सारून ओल कुठवर गेलीय ते तो बघत असणार. मग मूठभर माती दाबायची आणि गोळा वरून सोडायचा. फुटला तर वाफसा. नुसताच चपटा झाला तर चिखल, आणि गोळाच झाला नाही तर बोलायलाच नको.

"झाला का गोळा?"

"कशाचा होतोय? बोटाच्या दोन पेरांखाली धूळ हाय. मंगळवारचं काय म्हणतंय तुझं?"

मी तक्ता उघडला. मराठवाडा, मंगळवार, पिवळा.

"तुरळक ठिकाणी."

तो काहीच बोलला नाही. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं असावं, कारण रात्री तिचा फोन आला. तिला पेरणीचं विचारायचं नव्हतं. म्हणाली, "तेवढं नीट बघून सांग. गोवऱ्या आत घेऊ का राहू देऊ?"